औंढा–परळी–तुळजापूर सहल: नमस्कार कुठं, कसा अन् किती

सचिव (ब-४०१): श्रावणातल्या सहलीची नावं ४२ झाली. बस नांदेडहून पहाटे ५ ला निघेल. पहिल्या दिवशी औंढा नागनाथ आणि परळी, दुसऱ्या दिवशी अंबाजोगाई आणि तुळजापूर. चार-पाच जण मला वेगवेगळं विचारायलेत, साष्टांग कुठं घालायचा, प्रदक्षिणा पूर्ण की अर्धी, शर्ट काढावा लागतो का. मला त्यातलं कळत नाही. गुरवमामा, गुरुजी, इथंच सांगा म्हणजे सगळ्यांना कळेल.

गुरवमामा (अ-१०२): सांगतो. महादेवाच्या देवळातलं आधी, कारण गोंधळ तिथंच होतो.

उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. वाकून उंबऱ्याला हात लावा, तो हात कपाळाला लावा, मग उजवा पाय आत. घंटा एकदाच, हळू. लेकरं कडेवर घेऊन दहा-दहा वेळा वाजवायला लावतात, आत अभिषेक चाललेला असतो, पुजाऱ्याला स्वतःचा मंत्र ऐकू येत नाही. निघताना घंटा वाजवायची नसते.

सभामंडपात फरशीत कासव असतं. त्यावर पाय पडू द्यायचा नाही, त्याच्यावर उभं राहून फोटो तर अजिबात नाही. अन् कासव-पिंडीच्या मधी, नंदी-पिंडीच्या मधी उभं राहायचं नाही. लाइनीमुळं तिथनंच सरकावं लागलं तर सरका, पण थांबून हात जोडू नका. बाजूला होऊन जोडा.

बंटी (ब-२०२): नंदीच्या शिंगातनं बघायचं असतं ते कसं? सगळे वेगवेगळं करतात.

गुरवमामा (अ-१०२): त्याला शृंगदर्शन म्हणतात. नंदीच्या उजव्या अंगाला बसायचं किंवा उभं राहायचं. डावा हात नंदीच्या वृषणावर. उजव्या हाताची तर्जनी एका शिंगावर, अंगठा दुसऱ्या शिंगावर. बोटांच्या खालच्या फटीतनं पिंडी बघायची. लोक उलट्या बाजूला बसतात, मग हात आडवे-तिडवे होतात अन् नंदीवर रेलावं लागतं. नंदीच्या कानात सांगायचं असेल तर हळू सांगा, मागच्याला तुमचं कर्ज अन् पोरीचं लग्न ऐकू जायला नको.

पण औंढ्यात हे विसरा. तिथं नंदी देवळाच्या मागल्या बाजूला आहे.

अ-३०४ वहिनी: मागं का?

माउली (ब-१०१): नामदेव महाराजांची कथा आहे वहिनी. भजनाला अडथळा केला म्हणून त्यांना मागं जायला लावलं, अन् देऊळच त्यांच्याकडं फिरलं. नंदी जिथल्या तिथं राहिला. नामदेवांची नर्सी आपल्या हिंगोली जिल्ह्यातलीच. त्यांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते, ही गोष्टही औंढ्याचीच सांगतात. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडं ठेवले तर तिथंही पिंडी.

बंटी (ब-२०२): म्हणजे पाय देवाकडं केले तरी चालतात?

माउली (ब-१०१): विसोबांना चालतात. तुला नाही. मंडपात बसताना मांडी घालून बस, पाय देवाकडं पसरू नको.

गुरवमामा (अ-१०२): प्रदक्षिणेचं. पिंडीच्या शाळुंकेतनं पाणी बाहेर जातं ती पन्हळ, तिला सोमसूत्र म्हणतात. ती ओलांडायची नाही, म्हणून महादेवाला अर्धी प्रदक्षिणा. नंदीपासून आपल्या डाव्या हाताला निघायचं, देव उजव्या हाताला ठेवत मागनं पन्हळीपर्यंत जायचं, अन् त्याच वाटेनं परत नंदीपाशी. काही जण मग उजव्या अंगानं पन्हळीच्या दुसऱ्या काठापर्यंत जाऊन परत येतात, तीही रीत आहे. पन्हळ बहुतेक उत्तरेला असते. पन्हळीवर फरशी टाकलेली असेल किंवा पाणी जमिनीखालनं जात असेल तर पूर्ण फेरी चालते.

गर्दीत काय होतं, जाणारे अन् येणारे एकाच चिंचोळ्या वाटेवर समोरासमोर येतात. जाणाऱ्यांनी भिंतीकडून जावं, येणाऱ्यांनी बाहेरून यावं. पन्हळीपाशी शेवाळ असतं, अभिषेकाचं दूध-दही वाहून तिथं साचतं. वळायच्या जागेलाच माणूस घसरतो.

गुरुजी (क-२०२): संख्येचं वचन आहे: देवीला १, सूर्याला ७, गणपतीला ३, विष्णूला ४, शिवाला अर्धी. म्हणजे तुळजापूरला एक पुरे. अकरा-एकवीस घालतात ते नवसाचं, त्याला हरकत नाही, पण ४२ माणसं अकरा-अकरा घालायला लागली तर बस संध्याकाळपर्यंत तिथंच.

चालायचं कसं, तर दिवस भरलेली बाई तेलानं काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालते तसं, असा दाखला दिलेला आहे. हात जोडलेले, हलवायचे नाहीत. आपल्याकडं प्रदक्षिणा म्हणजे सकाळचं वॉकिंग झालंय. मागं जागाच नसेल तर जागेवर स्वतःभोवती फिरावं, तेही मान्य आहे.

सचिव (ब-४०१): आता साष्टांग. हाच वादाचा मुद्दा आहे.

गुरुजी (क-२०२): वाद नाही, माहिती कमी आहे. श्लोक लिहितो:
उरसा शिरसा दृष्ट्या वचसा मनसा तथा ।
पद्भ्यां कराभ्यां जानुभ्यां प्रणामोऽष्टाङ्ग उच्यते ॥
छाती, डोकं, दृष्टी, वाणी, मन, पाय, हात, गुडघे. यातले पाचच जमिनीला लागतात. दृष्टी, वाणी, मन ही तीन लागत नाहीत, अन् लोक नेमकी तीच विसरतात. उताणे-पालथे होतात, डोळे मात्र चपलांच्या रॅककडं.

क्रम असा: हात छातीशी जोडून उभं राहा, देवाकडं नीट बघा. आधी गुडघे, मग तळहात, मग छाती, मग कपाळ. शेवटी हात डोक्यापुढं सरळ करून जोडा. नाव घ्या. उठताना उलटा क्रम. थेट कमरेतून पुढं झोकून देऊ नका, कपाळ फरशीवर आपटतं.

पंचांग म्हणजे दोन गुडघे, दोन हात अन् कपाळ. बायकांनी पंचांगच घालावा अशी रूढी आहे, छाती-पोट जमिनीला लावू नये म्हणतात. गाभाऱ्यात कुणीच साष्टांग घालू नये. विष्णूच्या देवळाबद्दल तर स्पष्टच म्हटलंय, देवाच्या अगदी समोर, मागं, डाव्या अंगाला, खेटून अन् गाभाऱ्यात नमस्कार करू नये. मग उरतं काय? देवाचं उजवं अंग. म्हणजे आपण देवाकडं तोंड केलं तर आपली डावी बाजू. जुन्यांनी लाइन मोकळी ठेवायची सोयच करून ठेवली होती.

गुरवमामा (अ-१०२): जागेचं मी सांगतो. साडेपाच फुटी माणूस हात पुढं करून पडला की सात फूट लागतात. मंडपात दोन खांबांच्या मधी, लाइनीच्या बाहेर. आधी मागं वळून बघा, कुणाच्या तोंडावर तळवे जात नाहीत ना. अन् फरशी बघा. नारळाचं पाणी, तेल, तूप सांडलेलं असतं. हात पुढं सरकला की हनुवटी फुटली म्हणून समजा.

अ-३०४ वहिनी: सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्या ऐकत नाहीत, खाली बसतातच, मग दोघींनी उचलावं लागतं.

फिजिओताई (क-३०३): वहिनी, त्यांना कठड्याला धरून कमरेतून थोडं वाकू द्या, किंवा ओट्यावर बसवून हात जोडू द्या. काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो. खाली बसल्याच तर उठताना: आधी दोन्ही हात-गुडघ्यांवर, मग चांगला पाय पुढं रोवून, पुढच्या मांडीवर किंवा खांबावर हाताचा जोर देऊन उठायचं. कुणी कमरेपाशी आधार द्यावा.

बाकीच्यांसाठीही लिहिते.
बीपीची गोळी घेणाऱ्यांनी साष्टांगातून ताडकन उठू नये. रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. आधी बसा, अर्धा-एक मिनिट थांबा, मग उभे राहा. पहाटेपासून उपाशी, त्यात गर्दी अन् गाभाऱ्याची कोंदट हवा, चक्कर येते ती अशीच. श्रावणी सोमवारचा कडक उपास असला तरी पाणी प्या.
मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोकं खाली न्यायचं नाही.
खुब्याचा सांधा बदललेल्यांनी सुरुवातीचे काही महिने ९० अंशांपेक्षा जास्त वाकू नये. पंचांगही नाही, पालखट मांडीही नाही.

सचिव (ब-४०१): यादीत मोतीबिंदूवाले दोघं आहेत. कोण ते लिहीत नाही, पण वाचतायत.

बंटी (ब-२०२): औंढ्यात गाभारा खाली आहे ना?

गुरवमामा (अ-१०२): हो. अरुंद पायऱ्या उतरून जावं लागतं, वरचं छत बुटकं. डोकं सांभाळा. खाली नमस्काराला जागाच नाही, पिंडीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा अन् वर यायचं. साष्टांग वर मंडपात. ज्यांना दम लागतो त्यांनी खाली जाऊच नये, मंडपातनं हात जोडावेत. परळीत पिंडीला हात लावून दर्शन घ्यायची पद्धत पूर्वापार आहे, पण त्या दिवशी कसं सोडायलेत ते तिथंच कळेल. हात लावताना तळहात हळूच टेकवा. पिंडीवर बेल पालथा वाहायचा, पानाची गुळगुळीत बाजू खाली.

शर्टाचं: तो नियम घृष्णेश्वराचा. वेरूळला गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी शर्ट-बनियन काढावं लागतं. तरी कातडी पट्टा अन् पाकीट सगळीकडंच बसमध्ये ठेवा.

अ-३०४ वहिनी: तीर्थ घेतल्यावर हात डोक्यावरून फिरवायचा का?

गुरुजी (क-२०२): उजव्या तळहाताचा गाईच्या कानासारखा खोलगट द्रोण करायचा, खाली डावा तळहात. तीर्थ थोडंच घ्यायचं, उडीद बुडेल इतकं. आवाज न करता प्यायचं. नंतर हाताची ओल डोळ्यांना अन् डोक्याला लावतात. साडीला पुसू नका.

क-१०३: शुभ सकाळ. ज्याच्या मनात देव, त्याला देवळाची गरज नाही…

सचिव (ब-४०१): काका, फॉरवर्ड दुसऱ्या ग्रुपवर टाका.

बंटी (ब-२०२): गाडीवरनं जाताना एका हातानं नमस्कार करतो तो चालतो का?

गुरुजी (क-२०२): एका हातानं केलेला नमस्कार निष्फळ, किंबहुना आधीचं पुण्यही जातं, असं वचन आहे. गाडीवर तर त्याहून वाईट, हँडल सुटतं. मान लवव, पुरे.

मोठ्यांच्या पाया पडतानाही हात उलटसुलट असतात हं. उजव्या हातानं त्यांचा उजवा पाय, डाव्यानं डावा. समोर उभं राहिलं की आपोआप हातांची फुली होते. मनुस्मृतीत हे आहे. पण देवासमोर माणसाच्या पाया पडू नये. मंडपाच्या बाहेर येऊन पडा.

माउली (ब-१०१): गुरुजी, इथं आमचं जमणार नाही. वारकरी कुठंही एकमेकांच्या पाया पडतो, वय बघत नाही, जात बघत नाही. सत्तरीचा बाबा विशीतल्या पोराच्या पाया पडतो. पैठणला नाथषष्ठीला बघा.

गुरुजी (क-२०२): ती रीत वेगळी, मी तिला नावं ठेवत नाही. पण तुळजापूरच्या रांगेत सूनबाई सासूच्या पाया पडायला वाकली तर मागचे वीस जण अडतात.

माउली (ब-१०१): ते मात्र खरं. महानुभावांचंही लिहून ठेवतो, आपल्या बी विंगेत दोन घरं आहेत. ते भेटले की "दंडवत प्रणाम" म्हणतात, आपण "राम राम" म्हणून सोडून देतो. तसंच उत्तर द्यावं. त्यांच्या स्थानावर मूर्ती नसली तरी ओटा असतो. ओट्याला कपाळ लावून नमस्कार करतात. बाहेरचा कट्टा समजून त्यावर बसू नका.

अ-३०४ वहिनी: तुळजापूरचं राहिलं.

गुरवमामा (अ-१०२): महाद्वारातनं पायऱ्या उतरत जायचं, वाटेत गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ. हात-पाय धुऊन पुढं. देवीपुढं डोकं ठेवायला सवड मिळत नाही, सरका-सरका होतं. म्हणून मंडपात शिरल्यापासूनच हात जोडून ठेवा, मुखाकडं बघा, ओटी द्या, सरका. साष्टांग बाहेर, होमकुंडाच्या अंगणात एका कडेला. अन् गाभाऱ्यातनं निघताना चार-सहा पावलं मागं मागं यायचं, देवीकडं पाठ न करता. पण मागं उंबरा आहे, ध्यान ठेवा.

क-१०३: आम्ही भाद्रपदात जायलोत तुळजापूरला.

गुरवमामा (अ-१०२): भाद्रपद वद्य अष्टमी ते अमावस्या देवीची घोरनिद्रा असते. मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेतात. त्या दिवसांत रिकाम्या सिंहासनाला नमस्कार करू नका, पलंगाकडं करा.

बंटी (ब-२०२): माहूरला तर नुसतं मुखच आहे. डोकं कुठं ठेवायचं?

गुरवमामा (अ-१०२): रेणुकामाय तांदळा आहे, म्हणजे नुसतं मुख, पाय नाहीतच. गाभाऱ्याच्या पायरीवर डोकं टेकवायचं. तांबूल मिळतो तो डाव्या हातात घेऊ नको.

क-१०३: आमच्या मारुतीला नवसाचं दंडवत घालायचं आहे, घरापासून पारापर्यंत. तेही विचारून घेतो.

गुरवमामा (अ-१०२): ते उन्हाळ्यात असेल तर सूर्य उगवायच्या आधी. ऊन चढल्यावर आपल्याकडचा रस्ता तव्यासारखा होतो, छातीला फोड येतात. पुढं कुणी तरी पाणी शिंपडत चालावं. पडल्यावर हात पोचतील तिथं चुन्याची नाहीतर खड्याची रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर पाय लावायचे, पुन्हा पडायचं. रेघेच्या पुढं पाय टाकला तर अंतर सुटलं असं धरतात, म्हणून रेघ ओढणारा माणूस वेगळा लागतो.

लोटांगण म्हणजे गडगडत जाणं. हात डोक्यापुढं जोडून सरळ ठेवायचे. माणूस खांद्यात रुंद अन् पायात निमुळता, त्यामुळं गडगडताना सरळ जात नाही, पायांच्या बाजूला वळत जातो. सोबतच्यानं दर चार-पाच वेढ्यांनी पायाला धरून सरळ करायचं. रिकाम्या पोटी मळमळतं, डोळे मिटले तर जास्तच. अन् खिशात मोबाईल नको.

फिजिओताई (क-३०३): मानेचा पट्टा लावणाऱ्यांनी लोटांगण घालू नये. काका, तुम्हालाच सांगते.

क-१०३: बरं. पोराला घालायला लावतो.

सचिव (ब-४०१): ठरलं ते असं. सहल शनिवार-रविवारी, सोमवारची गर्दी नको. औंढ्यात खाली उतरणारे अन् वर थांबणारे अशा दोन याद्या आज रात्रीपर्यंत. काठी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटा घ्याव्यात. दगडी अंगण दुपारी तापतं किंवा पावसानं निसरडं होतं, म्हणून कापडी मोजे आणा, देवळात चालतात का ते दारावर विचारून घाला. मी चार तरटं घेतो, साष्टांगाला अंथरायला.

गुरवमामा (अ-१०२): तरटं सहा घ्या. दोन भिजतीलच.