विषय: मिरच्या भिजवलेलं पाणी टाकायचं की ठेवायचं? (आजच सांगा)

माधुरी, रविवार, दुपारी १२:४०

मंडळी,

मंगळवारच्या जेवणाचं. पाऊण किलो ग्वाहियो आणि पाव किलो आंचो, या दोन्ही मेक्सिकन सुक्या मिरच्या, घरात येऊन पडल्यात. देठ आणि बिया काढायला मी आणि हे बसतोय. अडलंय एकाच ठिकाणी. मंडळाच्या फायलीत शुभदाताईंच्या कृतीत "भिजवलेलं पाणी टाकू नये, सगळा स्वाद त्यात असतो" असं आहे. त्याच कागदावर खाली नितीनने मागच्या वर्षी लिहिलंय, "पाणी टाका, कडू होतं."

पन्नासच्या वर पानं होतील. एन्चिलादा माणशी तीन धरल्या तर दीडशेवर तोर्तिया (मक्याच्या पोळ्या) साल्सात, म्हणजे मिरचीच्या पातळ वाटणात, बुडवायच्या. साल्सा पाच लिटर तरी हवी. एवढी बिघडली तर विसर्जनाहून आलेल्या लोकांना काय वाढू?

रात्री मिरच्या भिजत घालते आणि सकाळी वाटते. तोवर एकमत करा. क्लबहाऊसची किल्ली कोणाकडे आहे तेही सांगा.

माधुरी

नितीन, दुपारी १२:५८

टाका. यात चर्चा कसली? आंचोचं पाणी गर्द तपकिरी होतं आणि जिभेला कोरडं लागतं. वाटताना साधं ताजं पाणी घाला. मागच्या वर्षीची साल्सा ज्यांनी खाल्ली त्यांना विचारा.

किल्ली माझ्याकडे नाही.

शुभदाताई, दुपारी १:२५

माधुरी,

मंडळात आठ घरं होती तेव्हापासून ही साल्सा मी करते आहे. पाणी आपोआप कडू होत नाही. मिरची करपली की होतं. मागच्या वर्षी कोमालवर (तव्यावर) कोण उभं होतं ते इथे लिहीत नाही.

ग्वाहियोची साल पातळ असते. कोमाल मध्यम आचेवर ठेव. एका बाजूने चार-पाच आकडे मोजायचे, उलटायची, पुन्हा तेवढेच. रंग जरा उजळला आणि वास सुटला की खाली. आंचो जाड, तिला किंचित जास्त, उलथन्याने दाबून. काळा डाग पडला तर ती मिरची टाकून दे, जीव तुटला तरी. एक करपलेली मिरची सगळं पातेलं कडू करते आणि नंतर कितीही गूळ घातला तरी लपत नाही. एकावेळी चारपेक्षा जास्त टाकू नकोस, उलटेपर्यंत पहिली जळते.

नितीन, तू फायलीत लिहिण्याआधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

शुभदा

नितीन, दुपारी १:३१

ताई, फाइल सगळ्यांची आहे.

अनुजा, दुपारी १:५०

सासूबाईंना फोन केला. त्या लोस आल्तोसकडच्या, मिरचीच्या याहुआलिका गावाजवळच्या, त्यामुळे मिरचीच्या बाबतीत त्या इतर कोणाचं फारसं ऐकत नाहीत. त्यांचं उत्तर: पाणी चाखायचं. कडू असेल तर फेकायचं, नसेल तर वापरायचं. यात भांडण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना.

खरं ओरडल्या त्या दुसऱ्याच गोष्टीवर. माधुरी, रात्रभर भिजवणार? मटकी आहे का ती? गरम पाणी ओतायचं, वर बशी दाबून ठेवायची म्हणजे तरंगत नाहीत, आणि वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मऊ झाल्या की काढायच्या. रात्रभर ठेवल्यावर सगळा स्वाद पाण्यात जातो आणि मग तुम्ही ते पाणी टाकायचं की नाही यावर मेल लिहीत बसता. (हे शेवटचं माझं.)

आणि ग्वाहियो व आंचो वेगवेगळ्या पातेल्यांत भिजवा. म्हणजे एकाचं पाणी ठेवता येतं, दुसऱ्याचं टाकता येतं. भाजण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, बाजारात उघड्यावर पडलेल्या असतात. पुसल्यावर कोरड्या होऊ द्या.

सासूबाई साल्सात चमचाभर कॉन्सोमे दे पोयो (सूपची पूड) घालतात. ते मात्र घालू नका, कोंबडीचं आहे.

सौरभ, दुपारी २:०५

अनुजाताई, वीस मिनिटं पुरतील का? मेक्सिकोतलं आपलं ग्वादालाहारा साधारण १,५५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईच्या हिशेबाने वेळ धरली तर कमी पडेल.

नितीन, दुपारी २:०९

सौरभ, आपण मिरची भिजवतोय, डाळ शिजवत नाही. उकळत्या पाण्याची गरजच नाही.

अविनाश, दुपारी २:२०

मूळ प्रश्न बाजूला ठेवून सांगतो. आपण मिरचीवर इतकं बोलतो, पण मिरची इथूनच गेली आपल्याकडे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात आणली, त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. त्यामुळे कोणी मला "मेक्सिकन मसालेदार" म्हणालं की मी

शुभदाताई, दुपारी २:२४

अविनाश, मेल अर्धवट गेली. पुढचं आम्हाला पाठ आहे, दर गणपतीला येतं.

मीनल, दुपारी २:३०

अविनाशदादा, तुम्ही मागे बेडगीला पर्याय सांगितला होतात तो पुन्हा लिहाल का? माझी संपली आणि डिसेंबरपर्यंत कोणी घरी जात नाहीये.

अविनाश, दुपारी २:४१

मीनल, रंगासाठी ग्वाहियो, तिखटासाठी थोडी आर्बोल. बेडगीचा रंग आणि थोडा धुरकट गोडसर वास जवळपास मिळतो. बेडगीइतकी मुरडलेली दिसत नाही, पण कांदा-लसूण मसाल्यात कोणाला कळत नाही. मी तीन भाग ग्वाहियोला एक भाग आर्बोल घेतो. कोल्हापूरकर असाल तर अर्धं-अर्धं. पासिया घालू नका, मसाला काळपट होतो. ती चिलाका नावाची लांब मिरची वाळवलेली असते. आंचो म्हणजे पिकलेली पोब्लानो वाळवलेली, ती गोडसर, मनुकेच्या वासाची, आपल्या मसाल्यात विचित्र लागते.

माधुरी, दुपारी ३:१५

माझ्या प्रश्नाकडे याल का? भिजवणं वेगवेगळं आणि थोडा वेळ, हे कळलं. पाणी चाखायचं हेही कळलं. पण आज हरतालिका. माझा निर्जळी आहे, वैशालीचा आहे, शुभदाताईंचाही असणार. चाखायचं कोणी? ह्यांना दिलं तर "ठीक आहे" एवढंच म्हणतात. तेच करपलेल्या भातालाही म्हणतात.

दुसरं, आंचोच्या पिशवीत दोन रंगांच्या मिरच्या निघाल्यात. काही लालसर, काही अगदी तपकिरी. जुन्या आहेत का?

तिसरं, ग्वाहियोची साल कितीही वाटली तरी दातांत येते. वैशाली, तुझं पुरणयंत्र एक दिवस मिळेल का?

अनुजा, दुपारी ३:२२

तपकिरी असतील त्या मुलातो. पोब्लानोचीच जात, फक्त पिकताना लाल न होता तपकिरी होते. दुकानात मिसळतात. फाडून उजेडात धर: आंचो लाल दिसते, मुलातो चॉकलेटी. मोले (मिरच्यांचा घट्ट रस्सा) करायचं असतं तर चांगलंच होतं, त्यात मुलातो लागतेच. एन्चिलादाला थोड्या गेल्या तर रंग गडद होईल इतकंच, टाकू नकोस. जुनी मिरची वेगळी ओळखते: वाकवली की कडकन मोडते. चांगली आंचो कातड्यासारखी वाकते.

चाखायला मारिओला पाठवते, सातला. तो काहीही चाखतो.

वैशाली, दुपारी ३:४०

माधुरी,

पुरणयंत्र मिळणार नाही. याच आठवड्यात गौरी आहेत आणि मी एकटी पुरण घालणारी उरले आहे, बाकीच्या विकतचं श्रीखंड आणतात. मिरचीचा वास पितळेला किती दिवस राहतो माहीत आहे का? गौरीच्या नैवेद्याच्या पोळीला ठसका लागला तर काय करायचं? मागे पावभाजीचे टोमॅटो गाळायला दिलं होतं तेव्हा खालची चकती वाकून आली आणि कोणी काही बोललं नाही. तेव्हाही मी गप्प बसले.

वैशाली

प्रकाश, दुपारी ३:४४

पावभाजीच्या वेळी पुरणयंत्र माझ्याकडे नव्हतं, हे नोंदवून ठेवतो.

शुभदाताई, दुपारी ४:००

पुरणयंत्राचा उपयोगही नाही. त्याची भोकं मोठी, सालीचे तुकडे आरपार जातात. बारीक जाळीची मोठी गाळणी घ्या, थोडं थोडं ओतून डावाच्या पाठीने दाबा. तळाशी साल राहील ती कोरडी झाली की फेका. मध्ये एकदा साल पुन्हा मिक्सरला लावून थोडं पाणी घालून फिरवली तर आणखी वाटीभर गर निघतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर साल्सा खरखरीत होते. आंचोची साल मऊ, ती थोडी राहिली तरी चालते.

आणि बाकी कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते: गाळलेली साल्सा तशीच कच्ची वापरू नका. पातेल्यात तेल चांगलं तापवा, सगळी एकदम ओता (लांब उभं राहा, उडते), आणि ढवळत राहा. रंग गडद होतो, कच्चा वास जातो, बाजूने तेल दिसायला लागतं. दहा-पंधरा मिनिटं. मीठ त्यानंतर. कडवटपणा किंचित असेल तर तोही इथे निवतो, पण करपलेलीचा नाही.

सौरभ, दुपारी ४:०६

माझा भारतातला मिक्सर घ्या, साडेसातशे वॉटचा. साल पार पीठ होईल, गाळायलाही नको.

नितीन, दुपारी ४:१०

तो २३० व्होल्टचा. इथे १२७. ट्रान्सफॉर्मर कुठे आहे? नसेल तर नुसता गुरगुरेल.

सौरभ, दुपारी ४:१२

ट्रान्सफॉर्मर प्रकाशकाकांकडे आहे. दिवाळीपासून.

प्रकाश, दुपारी ४:३०

ट्रान्सफॉर्मर क्लबहाऊसच्या कपाटात ठेवला आहे. कपाटाची किल्ली क्लबहाऊसच्या किल्लीबरोबरच असते. क्लबहाऊसची किल्ली माझ्याकडे नाही.

मीनल, दुपारी ४:५०

दोन गोष्टी.

एक, फ्रिहोलेसचे (शिजवलेल्या घेवड्याचे) डबे आणणाऱ्याने मागचं लेबल वाचावं. बऱ्याच डब्यांत मान्तेका दे सेर्दो असते, म्हणजे डुकराची चरबी. मान्तेका वेहेताल असेल तर चालेल. मागच्या मकरसंक्रांतीला जे झालं ते पुन्हा नको.

दोन, कोणीतरी तोंडी लावायला साल्सा माचा करणार असं ऐकलं. तिच्यात शेंगदाणे असतात. आमच्या धाकटीला चालत नाहीत, आणि तेल असल्यामुळे चमचा एका वाटीतून दुसरीत गेला तरी पुरतो.

नितीन, दुपारी ५:०५

साल्सा माचा मी करतोय. शेंगदाण्याऐवजी भोपळ्याच्या बिया आणि तीळ घालतो. बेराक्रुस राज्यात शेंगदाण्याची जास्त दिसते, पण तिळाचीही करतात. आर्बोल तेलात तळायची, जेमतेम दोन-तीन सेकंद, मग लसूण सोनेरी, मग सगळं जाडसर भरडायचं. लसूण तेलात असल्यामुळे बाहेर ठेवायची नाही, फ्रिजमध्येच. लसणाच्या तेलात खोलीच्या तापमानाला बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, म्हणून सांगतोय, घाबरवायला नाही. सोमवारी करून मंगळवारी आणतो, उरली तर त्याच रात्री संपवा.

शुभदाताई, दुपारी ५:१४

शेंगदाण्याशिवाय साल्सा माचा म्हणजे ती वेगळीच चटणी झाली.

नितीन, दुपारी ५:१६

चटणीच म्हणा, ताई. मीनलची मुलगी खाऊ शकेल हे महत्त्वाचं.

अनुजा, दुपारी ५:३०

आर्बोल याहुआलिकाचीच घे नितीन, सासूबाई पाव किलो पाठवतायत. २०१८ पासून तिला उत्पत्तीचं नामांकन (आपल्या जीआयसारखं) आहे, त्यामुळे बाजारात कोणीही कोणत्याही आर्बोलला याहुआलिका म्हणून खपवतो. लहान, पातळ, गर्द लाल असते. बिया काढत बसू नकोस, हातमोजे मात्र घाल. तिखटपणा बियांत फारसा नसतो, आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. मिरची हाताळून डोळ्यातली लेन्स काढायला गेलात तर ग्रितो (मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्रीचा जयघोष) तुम्ही डोळे मिटूनच ऐकाल.

माधुरी, रात्री ८:३५

मारिओ येऊन गेला. ग्वाहियोचं पाणी चाखून म्हणाला, ठेवा. आंचोचं चाखून तोंड वाकडं केलं, ते मोरीत ओतलं. कोमालवरच्या मिरच्यांतून नऊ काळ्या निघाल्या, फेकल्या. शुभदाताई म्हणतात तसं चार-चारच टाकल्या; ह्यांनी एकदा सहा टाकून बघितल्या, त्यातल्याच बहुतेक.

भाजताना सगळं घर खोकलं. शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, काय करताय? सांगितलं तर म्हणाल्या, खिडकी उघडा आणि मिरचीकडे पाठ करू नका. मंगळवारी त्यांनाही बोलावलंय, म्हणजे तीन पानं वाढली.

वाटणं आणि गाळणं उद्या आरती झाल्यावर. गाळणी माझ्याकडे आहे, बारीक जाळीची दुसरी कोणी आणली तर काम निम्मं होईल. पाणी वाटताना एकदम सगळं ओतणार नाही, लागेल तसं. फायलीतल्या दोन्ही ओळी मी खोडते आणि "चाखून ठरवा, दोन्ही मिरच्या वेगळ्या भिजवा" असं लिहिते. कोणाला आक्षेप असेल तर गौरीनंतर.

शुभदाताई, रात्री ८:५०

माझी ओळ खोडू नकोस. खाली लिही.

वैशाली, रात्री ९:०२

गाळणी मी आणते. फक्त गाळणी.

प्रकाश, रात्री ९:४०

क्लबहाऊसची किल्ली सापडली. माझ्याच गाडीत होती. उद्या सकाळी सातला मी उघडतो. कपाटातलं मोठं पातेलं ज्याच्याकडे आहे त्याने ते धुऊन आणावं, त्याला मागच्या वेळचा रस्सा अजून चिकटलेला असणार.