‘नियामक’ की ‘नियंत्रक’? वीज आयोगाच्या नावातला शब्द

इंदिरानगर, नाशिक : आमच्या सोसायटीत जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप एकाच मीटरवर आहेत. तीन महिने झाले, त्याचं बिल घरगुतीऐवजी व्यापारी दरानं येतंय. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी वर लिहिलं, ‘केंद्रीय वीज नियंत्रक आयोग, नवी दिल्ली’. शेजारच्या काकांनी ‘नियंत्रक’ खोडून ‘नियामक’ केलं. दोन्हींचा अर्थ एकच ना? आणि मग ‘नियंता’ कुठे वापरायचा?

नाशिकरोड : काकांचंच बरोबर आहे. माझी उभी नोकरी विजेच्या खात्यात गेली, त्यामुळे हा फरक मी रोज पाहिलाय. ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे, म्हणजे राज्यातली विजेची निर्मिती आणि मागणी यांचा मेळ घालणारी जागा. तिथला अभियंता करतो ते नियंत्रण. पडद्यावर ग्रिडची, म्हणजे विजेच्या जोडलेल्या जाळ्याची, वारंवारता (प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं घेतो तो आकडा) घसरताना दिसली की तो फोन उचलतो. कुणाला निर्मिती वाढवायला सांगतो, कुणाला भार कमी करायला. पण वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झमध्येच राहिली पाहिजे, हे तो ठरवत नाही. ते केंद्रीय आयोगाच्या ग्रिड संहितेत लिहिलेलं असतं. ते नियमन. आयोग कुठल्याही बटणाला हात लावत नाही.

30 आणि 31 जुलै 2012 आठवा. उत्तरेकडे लागोपाठ दोन दिवस अंधार झाला, आपला पश्चिम ग्रिड मात्र वाचला. काही राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, हे त्यामागचं एक कारण. तेव्हा वारंवारतेचा हा पट्टा आजच्यापेक्षा रुंद होता, तो पुढे आवळत आणला. नियम सैल असला तर नियंत्रणकक्षातल्या माणसानं कितीही जीव तोडला तरी तो कमीच पडतो.

पंचवटी : धातू ‘यम्’, म्हणजे आवरणं. तिन्ही शब्द त्याच घरातले. अमरकोशात ‘नियंता’ सारथ्याच्या नावांत येतो आणि ‘नियामक’ पाण्याच्या वर्गात, जहाज चालवणाऱ्यासाठी: ‘नियामकाः पोतवाहाः’. मला हे फार आवडतं. सारथ्याच्या हातात लगाम असतो, घोडे त्याच्या हुकमातले. जहाजवाल्याच्या हुकमात ना वारा ना पाणी, तरी त्याला नाव मार्गावर ठेवायची असते. (ही तुलना माझी, कोशाची नव्हे.) मराठीत ‘नियंता’ आता ‘जगन्नियंता’पुरताच उरलाय. तो शब्द आयोगाला लावू नका. ‘नियंत्रक’ परीक्षा विभागात शोभतो.

इंदिरानगर : म्हणजे मी ‘नियामक’ लिहून दिल्लीलाच पाठवू?

नाशिकरोड : थांबा, शब्द सुधारला तरी पत्ता चुकतोय. केंद्रीय आयोग 1998 च्या कायद्यानं आला. आज त्याचं काम 2003 च्या विद्युत कायद्यानुसार चालतं. केंद्राच्या मालकीच्या निर्मिती कंपन्यांचे दर आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मोठ्या तारांवरून वीज नेणं, म्हणजे पारेषण, हा त्याचा मुख्य प्रांत. एनटीपीसी ही केंद्राची वीजनिर्मिती कंपनी, तिच्या मौदा आणि सोलापूरच्या केंद्रांचे दर तिथे ठरतात. आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राचे मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, कारण ते महानिर्मितीचं, म्हणजे राज्याच्या कंपनीचं. तुमच्या मीटरचा दरही राज्याच्याच आयोगाचा. रहिवासी इमारतीतले जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट हे सगळं त्याच्या दर-आदेशात घरगुती वर्गात धरलंय, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे.

पण एकेका बिलाचा निवाडा आयोग करत बसत नाही. आधी वीज पुरवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर ‘ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच’ आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. सरकारी कागदावर ‘गाऱ्हाणे’ टिकून राहिलंय याचा मला आनंद वाटतो. तक्रार कुणीही करतो, गाऱ्हाणं ऐकून घेणारा कुणीतरी असावा लागतो.

पंचवटी : बिल हातात आहेच तर अजून एक बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या फरकाचा), आणि शेवटी एकदम ‘वीज शुल्क’. तिथे शब्द का बदलला?

नाशिकरोड : छान पकडलंत ताई! जे ‘आकार’ आहेत ते कंपनी घेते आणि त्यांना आयोगाची मंजुरी लागते. ‘शुल्क’ हा राज्य सरकारचा कर, घरगुतीला 16 टक्के. त्यावर आयोगाचा अधिकार नाही. लोक सुनावणीत शुल्कावरून भांडतात आणि हात हलवत परत येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. हे दोन शब्द आधी कुणी समजावून सांगितले असते तर त्यांचा बोलायचा वेळ वहन आकारावर खर्च झाला असता. खरा वाद तिथे घालता येतो.

इंदिरानगर : काका, अर्ज नव्यानं लिहिला. दिल्ली काढली, वर कंपनीच्या इथल्या कार्यालयाचं नाव घातलं आणि मजकुरात ‘राज्य विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशानुसार घरगुती वर्गवारी लावावी’ अशी ओळ टाकली. उद्या सकाळी नेऊन देते आणि पोच घेऊन येते.