मदत हवी आहे : कुळागराचे १२ फुटी फाटक लोंबतेय

मंडळी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ आमचे कुळागर (सुपारीची बाग) आहे. दोन वर्षांपूर्वी वाटेवर १२ फुटी, एकाच पाखाचे (झडपेचे) लोखंडी फाटक बसवले. खांब चिऱ्यांचे. यंदाच्या पावसात माती भिजून बिजागरीकडचा खांब फाटकाच्या बाजूला कलला आणि पाखाचे टोक जमिनीला घासू लागले. सुपारी न्यायला पिकअप आली की एकाने उचलायचे, दुसऱ्याने ढकलायचे.

नुसता खांब सरळ करून भागेल असे वाटत नाही. आतली तिरकी पट्टी खालच्या बिजागरीपासून वर कडीकडे चढते, पण ती पातळ असल्याने दाबाखाली वाकली आहे. तिथे पाइप हवा होता, किंवा पट्टीच उलटी, म्हणजे वरच्या बिजागरीपासून खाली, ताण घेणारी. वेल्डर म्हणतो, "काही फरक पडत नाही." मला पटत नाही.

चिऱ्याचा खांब काढून काँक्रीटमध्ये लोखंडी खांब रोवावा का? आमच्या मऊ मातीत खड्डा किती खोल घ्यावा? की ७ आणि ५ फुटांची दोन पाखे करून वजनच वाटून टाकावे? शिवाय आत चढ आहे, त्यामुळे फाटक पूर्ण उघडतच नाही. बाहेर उघडावे तर रस्ता अडतो.

आणखी एक. कुलूप शाबूत ठेवून कुणीतरी पाख बिजागरीच्या खुंट्यांवरून (ज्यांवर ते अडकवलेले असते) उचलून काढले होते! वरची खुंटी उलटी, तोंड खाली करून बसवली तर ते थांबेल ना? गवे आले तर काय, तो प्रश्न वेगळाच.

कुणी असे काम केले असल्यास फोटो टाका. देव बरें करूं.