प्रतिसाद: पैसा कुणाचा, यापेक्षा करार कशाचा ते बघा

वर कुणीतरी म्हटलंय की कंपनीचा पैसा घेतला की समुद्रशास्त्राची संस्था विकली गेलीच. सरसकट असं नाही वाटत.

भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचं उदाहरण घ्या. कप्पाफायकस या समुद्रशेवाळाची शेती आणि ताज्या शेवाळातून रस काढायचं तंत्र त्यांचं. ते आधी पेप्सिकोने घेतलं, २००८ मध्ये तो व्यवसाय ॲक्वाॲग्री या कंपनीकडे गेला, आणि आज इफ्को या सहकारी खतसंस्थेचं समुद्रशेवाळापासून केलेलं 'सागरिका' खत आपल्या शेतकऱ्यांना दुकानात मिळतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बचतगटांच्या बायकांना त्यातून रोजगार मिळाला. (हेच परदेशी शेवाळ मन्नारच्या आखातात प्रवाळांवर पसरल्याची तक्रारही झाली, ते झाकायचं कारण नाही.) इथे संस्थेने तंत्र विकलं, मत नाही.

माझा आक्षेप दुसऱ्या प्रकाराला आहे. किनाऱ्यावरच्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल करून घ्यायचा खर्च प्रकल्पवालाच करतो, कायद्यानेच तशी रचना आहे. आपल्या मुंबईत अंधेरी-वर्सोवा भागात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थाही तिथेच. अशा संस्थांनी हे अभ्यास प्रामाणिकपणे केले तरी कोळीवाड्यापर्यंत पोचतो तो जनसुनावणीपुरता मराठी सारांश. कुठल्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला, कुठून पाण्याचे नमुने घेतले, हे त्यात क्वचितच सापडतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी वेगळं असतं, हे कुठलाही नाखवा सांगेल.

कच्ची आकडेवारी खुली करायची अट करारातच घातली, तर कंपनीने पैसे द्यायला माझी काही हरकत नाही.