मदत हवी आहे: गरम वाफांवर अ‍ॅक्युपंक्चर, पण कंट्रोल गटाला द्यायचं काय?

नमस्कार. नागपुरात स्त्रीरोग विभागात एम.एस. करतेय, पहिलं वर्ष. थेसिसचा विषय आहे पाळी जाण्याच्या काळात अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफा (हॉट फ्लश) आणि अ‍ॅक्युपंक्चर. सिनॉप्सिस (थेसिसचा आराखडा) पंधरा दिवसांत द्यायचाय आणि गाडी कंट्रोल गटापाशी, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची त्या बायकांपाशी, अडलीय.

गाईड मॅडम म्हणतात, खोटी सुई घे. ही सुई बोथट असते. दाबली की त्वचेत न शिरता स्वतःच्या मुठीत सरकते, नाटकातल्या सुरीसारखी. मी डोळे मिटून मनगटावर पाच वेळा करून घेतली आणि खरी-खोटी तीनदा बरोबर ओळखली. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं! पण दाबलेली जागा नंतर बराच वेळ लाल होती. मग हिला 'काहीच न देणं' कसं म्हणायचं?

वाचलं तर गोंधळ वाढला. ऑस्ट्रेलियात ३२७ बायकांवर खरी विरुद्ध बोथट सुई अशी ट्रायल झाली (२०१६), ८ आठवड्यांत १० वेळा. दोन्ही गटांत त्रास साधारण ४० टक्क्यांनी उतरला, फरक काहीच नाही. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या २०९ बायकांचा अभ्यास आला. तिथे तुलना सुयांसाठी नुसत्या वाट बघत थांबलेल्या गटाशी (वेटिंग लिस्ट) होती. सुया घेतलेल्यांच्या वाफा ६ महिन्यांत जवळपास ३७ टक्क्यांनी कमी झाल्या, थांबलेल्यांच्या ६ टक्क्यांनी वाढल्या. आता मी कुणाचा कित्ता गिरवू?

खरी सुई, खोटी सुई आणि नुसतं थांबणं असे तिन्ही गट घ्यावेत तर गणित बसत नाही. दिवसाला २ वाफांचा फरक, एस.डी. (आकड्यांचा विखुरलेपणा) ४, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के धरली तर गटात ६४ बायका. गळती धरून ८०. तीन गटांच्या झाल्या २४०. आमच्या ओपीडीत निकषात बसणाऱ्या महिन्याला जेमतेम ८-९ येतात.

दुसरी अडचण रोजच्या वाफा मोजून लिहायच्या नोंदवहीची. पाच जणींना आठवडाभर भरायला दिली होती. एका मावशींनी सकाळच्या रकान्यात रोज फक्त 'पोळ्या' लिहून आणलं. विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरबाई, मे महिन्यात गॅसपुढे वाफा कुणाच्या मोजू, माझ्या का तव्याच्या?" खरंच आहे. इथे मे महिन्यात घेतलेल्या बाईला ऑगस्टमध्ये मोजलं तर सुई टोचा नाहीतर नका टोचू, आकडा उतरणारच. यावर काय करतात? संख्याशास्त्रवाल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
आधी प्रश्न ठरवा. 'सुई आत शिरल्याने फरक पडतो का' असं विचारायचं असेल तर खोटी सुई लागेल. 'हे उपचार घेऊन बाईला बरं वाटतं का' एवढंच विचारायचं असेल तर वेटिंग लिस्ट पुरते, नंतर त्यांनाही सुया द्या. दोन्हींची उत्तरं एका थेसिसमध्ये मागू नका. वेटिंग लिस्ट घेतलीत तर निष्कर्षात 'सुईचा गुण' असं मात्र लिहायचं नाही, कारण त्यात तुमच्या पंख्याखालच्या अर्ध्या तासाच्या पडून राहण्याचाही वाटा असतो.

उन्हाळ्याची काळजी सोडा. छोट्या ब्लॉकमध्ये रँडमायझेशन केलंत, म्हणजे येणाऱ्या दर थोड्या बायका चिठ्ठ्या टाकून दोन्ही गटांत सारख्या वाटल्यात, की दोन्ही गटांना मेही मिळतो आणि ऑगस्टही. फसगत होते ती एकाच गटाचं आधी-नंतर बघितलं की. सुरुवातीची नोंद दोन आठवड्यांची घ्या. बाई त्रास फार वाढल्यावरच दवाखान्यात येते, पुढे तो आपसूक थोडा ओसरतो. आणि पहिली बाई घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी. एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली चालत नाही.

धागाकर्ती
धन्यवाद! मग वेटिंग लिस्टच घेते. दोन गट म्हणजे १६०, दीड-पावणेदोन वर्षांत होतील. रात्रीचा रकाना वेगळा करते, तेव्हा तरी तवा मध्ये येणार नाही. आता मॅडमना खोटी सुई नको हे सोमवारी सांगायचंय. कुणी आपल्या गाईडचं मन असं वळवलंय का?