दीडकी तोंडपाठ, पण मोटार बंद केली का ते आठवेना. असं का होतं?

मांजराकाठ (अंबाजोगाई):
आपल्याकडं सत्तरीतल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी पावकी, निमकी, दीडकी, औटकी हे पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे न अडखळता म्हणून दाखवतो. म्हाताऱ्या बायांना जात्यावरच्या ओव्या ओळीनं येतात. आणि त्याच घरात रोज तीन प्रश्न: पाण्याची मोटार बंद केली का, बीपीची गोळी घेतली का, गॅसचा रेग्युलेटर फिरवला का? पन्नास वर्षांमागचं टिकतं आणि दहा मिनिटांपूर्वीचं जातं, याचं कारण काय? आणि भिजवलेले बदाम सोडून यावर नेमकं करायचं काय? जाणकारांनी सांगावं.

परवचा (लातूर):
पाढा आणि गोळी यांची बरोबरीच होत नाही. पाढा रोज संध्याकाळी दिवेलागणीला परवच्यात म्हटलेला असतो. थोडा थोडा, वर्षानुवर्षं, चालीवर, आणि मुख्य म्हणजे पाटीकडं न बघता. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या तासातच सगळ्यात जास्त ओसरतं, पुढं उतार मंदावतो. आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा काही दिवसांवर वाटून केलेली उजळणी कमी आवर्तनांत काम भागवते. परवचा हेच करत होता. ओवीत यमकाची भर पडते: चुकीचा शब्द बसतच नाही, म्हणून बरोबरचा सापडतो.

गोळीचं काय होतं? ती घेताना लक्ष दुसरीकडं असतं, त्यामुळं मनात नोंदच होत नाही. वीसच्या नव्या नोटेच्या पाठीवर काय छापलंय, न बघता सांगा बरं. वेरूळची लेणी! आपल्याच मराठवाड्यातली, २०१९ पासून रोज हातातून जातात, तरी पुष्कळांना सांगता येत नाही. अमेरिकेत १९७९ साली एक सेंटच्या नाण्यावर असाच प्रयोग झाला होता. रोजच्या वापरातलं ते नाणं बहुतेकांना आठवून नीट काढता आलं नाही. दिसणं वेगळं, नोंदणं वेगळं.

दुसरी अडचण जास्त फसवी. कालची, परवाची, आजची गोळी अगदी सारखी. तोच ग्लास, तीच खुर्ची. ‘घेतली’ असं खात्रीनं आठवतं, पण ते कालचं असतं. म्हणून कृतीला आजची खूण द्या. मोटार बंद करताना बटणावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणा, ‘मोटार बंद, सव्वासहा, मंगळवार.’ जपानच्या रेल्वेत चालक सिग्नलकडं बोट करून तो उच्चारतात, ते याचसाठी.

औषधपेटी (परभणी):
वरचं पटलं. पण गोळीसाठी आठवणीवर विसंबूच नका. सात वारांची डबी रविवारी भरून ठेवा. खण रिकामा म्हणजे गोळी पोटात. काही गोळ्या ओलाव्यानं खराब होतात, त्या वेष्टनासकट कापून ठेवा. डबी नको असेल तर स्ट्रिपच्या मागं मार्करनं तारखा लिहा. आणि ‘सकाळी घेईन’ असं मोघम ठरवू नका. ‘चहाचा कप खाली ठेवला की गोळी’ असं बांधा.

घेतली का नाही अशी शंका आली तर अंदाजानं दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. साखरेच्या काही गोळ्या दुबार पडल्या तर साखर एकदम उतरते: दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी.

मांजराकाठ:
आभार, ताई. मग हे वयाचं समजून सोडून द्यावं, का दाखवावं?

औषधपेटी:
चष्मा कुठं ठेवला ते विसरणं चालतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं, हिशेब जमेनासा होणं, हे दाखवायला हवं. बी १२ आणि थायरॉइड आधी तपासून घ्या, कारण यांच्या कमतरतेनं आलेला विसर बऱ्याचदा औषधानं सुधारतो. निव्वळ शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणारे, यांच्यात बी १२ कमी सापडण्याची शक्यता जास्त. ऐकू कमी येत असेल तर कानही तपासा. न ऐकलेलं आठवणार कुठून?

वाइंडिंगवाला (जालना):
मोटारीपुरतं सांगतो. टाकीत फ्लोट स्विच, म्हणजे पाणी भरलं की मोटार आपोआप बंद करणारा तरंगता स्विच टाका, आठवायची गरजच नाही. घरच्या छोट्या सिंगल फेज मोटारीला तो थेट चालतो, पण आधी स्विचवरचे अँपिअर बघा. शेतातल्या तीन फेजच्या मोटारीला थेट जोडाल तर संपर्क जळतील. तिथं तो स्टार्टरच्या कॉइलच्या वायरीत, स्टॉप बटणाच्या ओळीत घालतात. टाकी भरली की कॉइल सुटते आणि मोटार थांबते. मात्र हे पाणी वाहून जाण्यावर झालं. बोअर आटून मोटार कोरडी फिरली तर फ्लोटला ते कळत नाही, त्याला ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा बसवा. जोडणी वायरमनकडूनच, मेन बंद करून.