नुसत्या संख्येवरून नातं लागत नाही

रातकिड्यांच्या प्रजातींचं नातं गुणसूत्रांच्या संख्येवरून ठरवण्याबद्दल एकाने ‘गुणसूत्रं कमी, म्हणजे प्रजाती जुनी’ असं लिहिलंय. ते टिकत नाही. रातकिड्यांत लिंग ठरवणारं एक्स गुणसूत्र नरात एकच (एक्स-ओ), मादीत दोन (एक्स-एक्स). म्हणून ग्रायलस बायमॅक्युलेटस या प्रजातीच्या नरात २९, मादीत ३०. अकेटा डोमेस्टिकस या दुसऱ्या प्रजातीत २१ आणि २२. दोन एकभुज (एकच मोठी भुजा असलेली) गुणसूत्रं गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे भुजा जिथून निघतात तिथे, जुळली की संख्या घटते, मोठ्या भुजा मात्र तितक्याच राहतात. असं जुळणं वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडू शकतं, त्यामुळे समान संख्या हा जवळच्या नात्याचा पुरावा नव्हे. आधी भुजा मोजा, मग डीएनएच्या वंशवृक्षाशी ताडून पाहा. युरोपातल्या जमीन खणणाऱ्या रातकिड्याच्या ग्रायलोटाल्पा ग्रायलोटाल्पा या एकाच नावाखाली १२ ते २३ गुणसूत्रं नोंदली गेली आहेत. तिथे तर नावच संशयास्पद, त्याखाली एकाहून जास्त प्रजाती असू शकतात!

मोजणीसाठी शेवटच्या अवस्थेतल्या नर पिल्लाचं वृषण घ्या. पेशी फुगवायला ०.९ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये सुमारे २० मिनिटं, मग त्या आहेत तशा टिकवायला मिथेनॉल आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल ३:१ मध्ये. सायट्रेटमध्ये वेळ कमी पडला तर गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली दिसतात. जास्त झाला तर पेशी फुटून शेजारच्यांत मिसळतात आणि आकडा फसवा येतो. अर्धसूत्री विभाजनाच्या (ज्यातून शुक्राणू बनतात) सुरुवातीला एकटा एक्स गडद गोळ्यासारखा दिसतो, तो रंगाचा डाग समजून सोडू नका. बायमॅक्युलेटसमध्ये त्याच विभाजनाच्या पहिल्या मध्यावस्थेत (जोड्या पेशीच्या मधोमध येतात तेव्हा) १४ जोड्या आणि एक सुटा एक्स, असे १५ घटक भरायला हवेत. एकाच पेशीवर विसंबू नका, बऱ्याच मोजा.